पडदे बांधणाऱ्यांची पदवी

इव्हेंट मॅनेजमेंट शिकून नाटक-सिनेमाच्या धंद्यात शिरू पाहणाऱ्या मुलामुलींना एका ज्येष्ठ रसिकांनी नुकतंच व्यासपीठावरून फैलावर घेतलं. त्यांचं म्हणणं एका दमात सांगता येतं. हा अभ्यास म्हणजे लग्नात फुगे लावणं आणि पाहुण्यांवर गुलाबपाणी शिंपडणं. कला निष्ठेवर आणि कार्यकर्त्यांच्या घामावर चालते. मॅनेजर आला की बाजार आला. आणि सांगली-साताऱ्याच्या पोरांनी पुण्या-मुंबईत वॉकीटॉकी घेऊन पळण्यापेक्षा डी.एड. करावं. टाळ्या कडाडून पडल्या. भाषण सव्वा तास उशिरा सुरू झालं होतं, मधे दोनदा माइक गेला, आणि शाल एक कमी भरल्यामुळं अध्यक्षांच्या खांद्यावरची उतरवून तिसऱ्या पाहुण्याला घालावी लागली. कार्यक्रम अर्थातच निष्ठेवर चालला होता.

डी.एड.चं म्हणाल तर ते करून भरतीची वाट बघणारे प्रत्येक गावात आहेत, त्यांनाच विचारा. फुगे लावणाऱ्याला निदान फुग्यांचे पैसे मिळतात. पुण्याला जावं लागतं हे खरं, पण या दोन जिल्ह्यांतून पुण्याला कोण जात नाही?

राहिला बाजार. सांगलीच्या मातीत उभं राहून कलेला बाजार नको म्हणायला छाती लागते. ५ नोव्हेंबर १८४३ ला विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ रंगमंचावर आणलं, म्हणून त्याच तारखेला आपण मराठी रंगभूमी दिन करतो, भाव्यांच्या तसबिरीला हार घालतो. भाषणं तिथंच संपतात, कारण पुढच्या गोष्टीत हिशेब आहे. भाव्यांचे आश्रयदाते, सांगलीचे राजे चिंतामणराव पटवर्धन १८५१ मध्ये गेले. राजाश्रय आटला, केलेल्या खर्चाचं ओझं भाव्यांच्या डोक्यावर राहिलं. मग भावे काय कृष्णाकाठी निष्ठा उराशी धरून बसले? मंडळी घेऊन ते गावोगाव निघाले, थेट मुंबईला गेले, आणि १८५३ मध्ये ग्रँट रोडच्या नाट्यगृहात तिकीट लावून त्यांनी खेळ केले. नाट्यगृह भाड्यानं ठरवायचं, तिकिटाचा दर काढायचा, जाहिरात करायची, आणि देवपार्टी, राक्षसपार्टी, स्त्रीपार्टी अशा सगळ्या लवाजम्याला पोसत रेल्वे नसलेल्या मुलखातून न्यायचं-आणायचं. बोरीबंदर ते ठाणे आगगाडी धावली तीच मुळी १८५३ च्या एप्रिलमध्ये. सांगलीकराला तिचा काय उपयोग! आज हे काम करणाऱ्याला आपण काय म्हणू, ते ज्येष्ठांनीच सांगावं. आपण ज्यांना आद्य नाटककार म्हणून नमस्कार करतो ते आद्य मॅनेजरही होते, आणि दुसरं काम जमलं नसतं तर पहिलं सांगलीच्या वाड्यातच विरून गेलं असतं.

उलट उदाहरण हवं असेल तर तेही आमच्याच जिल्ह्यातलं आहे. पलूस तालुक्यातल्या नागठाण्याचे नारायणराव, म्हणजेच बालगंधर्व. १९१३ मध्ये गंधर्व नाटक मंडळी निघाली तेव्हा सोबत भागीदार होते. पुढं सगळा डोलारा त्यांच्या एकट्याच्या खांद्यावर आला. रंगमंचावर उंची गालिचे, भरजरी शालू, अत्तरांचा घमघमाट. प्रेक्षकांनी डोक्यावर घेतलं आणि सावकारांनी मानगूट धरलं. त्या गळ्याला कुणी काय शिकवणार? पण त्या गळ्याशेजारी ‘नारायणराव, या महिन्यात नवा गालिचा नाही’ असं ठणकावणारा आणि ज्याचं ऐकलं जाईल असा एक माणूस असता, तर मराठी रंगभूमीचं काय बिघडलं असतं?

इथं माझा या निष्ठावाल्यांशी असलेला जुना वाद उकरून काढतो: पासांचा. निष्ठेनं चालणाऱ्या कलेच्या पहिल्या तीन रांगा नेहमी फुकट असतात आणि त्यांत कलेच्या बाजाराला नाकं मुरडणारेच बसलेले असतात. तिकिटाच्या दोनशे रुपयांत नेपथ्यवाल्याचा टेम्पो आणि प्रकाशयोजनेच्या पोराचं रात्रीचं जेवण असतं, हे मी पूर्वी एका चर्चेत म्हणालो, तेव्हा मला ‘व्यापारी वृत्तीचा’ ठरवण्यात आलं. त्या चर्चेचा चहासुद्धा साउंडवाल्यानं पाजला होता, आणि त्याचं मागल्या कार्यक्रमाचं बिल अजून थकलेलं होतं.

आता घाम. घामाबद्दल विनोद करणार नाही. २५ जानेवारी २००५ ला वाई तालुक्यात मांढरदेवीच्या डोंगरावर काळूबाईच्या यात्रेत चेंगराचेंगरी झाली. अरुंद वाट, नारळाच्या पाण्यानं निसरड्या झालेल्या पायऱ्या, दोन्ही अंगांना दाटलेली दुकानं, पेटलेली आग. तीनशेच्या आसपास माणसं गेली. त्या दिवशी डोंगरावर निष्ठा कमी होती असं कुणी म्हणेल? वर जाणारी आणि खाली येणारी वाट वेगळी ठेवणं, किती माणसं सोडल्यावर रांग थांबवायची ते ठरवणं, सिलिंडर गर्दीपासून लांब नेणं, हे शिकायचे विषय आहेत. घामातून ते आपोआप सुचत नाहीत.

आणि इथं काम नाही म्हणता? चैत्र-वैशाखात या पट्ट्यात गावोगाव यात्रा. तमाशाची सुपारी ठरते, कुस्तीची मैदानं भरतात, बैलगाडा शर्यतीत गाडे सुटतात. रात्रभर चालणाऱ्या तमाशाला दहाच्या ठोक्याला लाउडस्पीकर बंद करावा लागतो, कारण ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालापासून आहेत. यात्रा कमिटीला ते दहा वाजता पोलीस आल्यावर कळतात. वाईजवळ मेणवलीच्या घाटावर ‘स्वदेस’ सिनेमाचं आणि साताऱ्याच्या गावांत ‘लागिरं झालं जी’ मालिकेचं चित्रीकरण झालं. जनरेटर, जेवण, परवानग्या, गर्दीतली माणसं हे सगळं तिथं कुणीतरी जुळवलं. ते कुणीतरी आपलंच का असू नये?

सहा महिन्यांच्या सर्टिफिकेटला लाखभर रुपये उकळून पोरांना रिसेप्शनमध्ये कोल्ड्रिंकचे ट्रे धरायला लावणाऱ्यांची वकिली मी करणार नाही. ती लूटच आहे. पण शिकवायचं कसं हे साताऱ्याला बाहेरून शिकावं लागत नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९४७ मध्ये इथं छत्रपती शिवाजी कॉलेज काढलं ते ‘कमवा आणि शिका’ म्हणत. त्याच रीतीनं पोरांना यात्रेच्या हंगामात एखाद्या फडमालकाच्या नाहीतर साउंडवाल्याच्या हाताखाली पगारी राबू द्या आणि पावसाळ्यात वर्गात बसवा. सांगली, सातारा आणि कोल्हापूरच्या कॉलेजांना हे जमण्यासारखं आहे.

तोवर, बारावीच्या निकालानंतर घरात कुणी या शिक्षणाचं नाव काढलं तर हसू नका. अभ्यासक्रमाचा कागद मागून घ्या आणि त्यात हिशेब, करार आणि गर्दी हे तीन विषय आहेत का ते बघा. नसतील तर फी भरू नका.