लाल डोळा आणि लघवीची तपासणी

पावसाळ्यात भाईंदरच्या खारीसारख्या खाडीकाठच्या, दाट वस्तीच्या भागातील दवाखान्यांत लाल डोळ्यांचे रुग्ण येऊ लागले, म्हणजे ‘डोळे आले’ असे निदान आपल्या लेखणीतून सहज उतरते आणि बहुतेक वेळा ते खरेही असते. परंतु ज्या तरुणाचे दोन्ही डोळे एकाएकी दुखू लागले आहेत, ज्याला उजेड सोसवत नाही, ज्याची लाली बुबुळाभोवती अधिक आहे आणि ज्याच्या डोळ्यांत चिपडे नाहीत, त्याला केवळ थेंब देऊन परत पाठविणे ही हयगय होय. कारण तो बहुधा युव्हिआयटिस, म्हणजे डोळ्याच्या मधल्या थराचा दाह, असतो आणि त्याचे मूळ क्वचित मूत्रपिंडात दडलेले असते.

१९७५ साली डॉब्रिन, व्हर्निअर आणि फिश यांनी दोन किशोरवयीन मुलींमध्ये युव्हिआयटिस आणि मूत्रपिंडाच्या नलिकांभोवतीच्या ऊतींचा दाह एकत्र आढळल्याचे नोंदविले, आणि पुढे हा विकार ‘टिनू’ (TINU) या संक्षिप्त नावाने ओळखला जाऊ लागला. ताप, थकवा, वजनातील घट ही त्याची लक्षणे इतकी सामान्य की त्यांवर कोणाचे लक्ष ठरत नाही. डोळ्याचा दाह मूत्रपिंडाच्या आधी, बरोबर किंवा कित्येक महिन्यांनंतरही प्रकट होतो. तरुणांचे मूत्रपिंड पुष्कळदा सावरते, डोळा मात्र पुन्हा पुन्हा पेटतो. रक्तातील साखर प्राकृत असून लघवीत साखर उतरणे, जंतूंवाचून पूपेशी आढळणे, क्रिएटिनिन वाढणे, या खुणा साध्या प्रयोगशाळेतही सापडतात.

आपल्या मुलखात याच वाटेवर लेप्टोस्पायरोसिसही उभा असतो, हे विशेष ध्यानी ठेवावे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळल्यानंतर मुंबईत या रोगाची साथ आली होती. आणि १९९३ च्या पुरानंतर मदुराईच्या नेत्ररुग्णालयात लेप्टोस्पायरामुळे झालेल्या युव्हिआयटिसचे अनेक रुग्ण आढळले. तापाच्या दिवसांत मूत्रपिंडाला झळ पोचते, डोळा मात्र काही महिन्यांनी, ज्वराचा विसर पडल्यावर, दुखू लागतो. म्हणून गेल्या पावसाळ्यात पुराच्या पाण्यातून चालणे झाले होते काय, हा प्रश्न रुग्णाला आवर्जून विचारावा.

वेदनाशामक गोळ्यांचीही चौकशी करावी. त्या स्वतःच मूत्रपिंडाला अपाय करू शकतात, आणि क्रिएटिनिन पाहिल्याखेरीज डोळेदुखीवर त्या लिहून देणे आम्हास अनुचित वाटते. स्टिरॉइड पोटात देण्यापूर्वी क्षयरोगाची शंका निवारणे हेही आपल्या देशात अपरिहार्य होय.

तेव्हा व्यवसायबंधूंना विनंती एवढीच की, दोन्ही डोळ्यांच्या युव्हिआयटिसच्या प्रत्येक रुग्णाच्या केसपेपरवर लघवीची तपासणी आणि क्रिएटिनिन पहिल्याच भेटीत लिहावे, आणि नेत्रतज्ज्ञाकडे पाठविताना ते अहवाल सोबत द्यावेत.