‘हो’ की ‘नाही’ : मोबाइलवरचा सट्टा, 1887 चा कायदा आणि आपले तरुण

कडेगाव, पलूस, विटा या पट्ट्यातल्या तरुण कार्यकर्त्यांकडून आम्हाला एक प्रश्न वारंवार विचारला जातो. ‘हो’ किंवा ‘नाही’वर पैसे लावायचे ते ॲप महाराष्ट्रात कायदेशीर आहे का? उत्तर सरळ आहे : नाही. ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगबाबतचा कायदा मंजूर केला आणि 22 ऑगस्टला राष्ट्रपतींनी त्याला मंजुरी दिली. पैसे भरून पैसे जिंकण्याची आशा दाखवणारा कोणताही ऑनलाइन खेळ लोकांना उपलब्ध करून देण्यास हा कायदा मनाई करतो, मग त्या खेळात कौशल्य असो, नशीब असो की दोन्ही. या धंद्यातल्या ‘प्रोबो’ या सर्वांत चर्चेतल्या कंपनीने त्याच महिन्यात पैशांचे व्यवहार थांबवले. त्याआधी जुलैत ईडीने तिच्या ठिकाणांवर छापे टाकून सुमारे 284 कोटी रुपयांच्या ठेवी आणि शेअर गोठवले होते.

पण ऑगस्ट 2025 पर्यंत हे ॲप महाराष्ट्रात उघडपणे कसे चालत होते, हा प्रश्न आम्हाला जास्त महत्त्वाचा वाटतो.

आधी त्याचा हिशेब पाहू. आज अमुक संघ जिंकेल का, असा प्रश्न. ‘हो’चा भाव सहा रुपये, ‘नाही’चा चार. एकाचे सहा आणि दुसऱ्याचे चार मिळून दहा रुपये झाले. ज्याचे बरोबर येईल त्याला ते दहा मिळतात, त्यातून कंपनी आपले शुल्क कापते. म्हणजे हरणाऱ्याच्या खिशातून जिंकणाऱ्याच्या खिशात पैसे जातात आणि दर खेपेला थोडे बाहेर गळतात. नवा पैसा कुठेच तयार होत नाही. दिवसभरात असे पन्नास सौदे केले की गळती किती होते, हे मांडायला गणिताची पदवी लागत नाही. तरीही याला नाव दिले ‘ओपिनियन ट्रेडिंग’, म्हणजे मताचा व्यापार. ‘ट्रेडिंग’ शब्द आला की शेअर बाजाराचा भास होतो. सेबीला 29 एप्रिल 2025 रोजी जाहीर सांगावे लागले की हे प्रकार तिच्या नियंत्रणाखाली येत नाहीत आणि शेअर बाजारातील गुंतवणूकदाराला मिळणारे संरक्षण इथे मिळणार नाही.

आता महाराष्ट्राचा कायदा. पोलिसांनी मटक्याच्या अड्ड्यावर छापा टाकला की बातमीत ज्याचे कलम छापून येते, तो जुगार प्रतिबंधक कायदा 1887 चा आहे. तो मुळातून वाचला की गंमत वाटते. जुगाराचा अड्डा कशाला म्हणायचे हे सांगताना त्यात कापूस आणि अफूच्या बाजारभावावरचा सट्टा आहे, शेअरच्या किमतीवरचा आहे, इतकेच काय, पाऊस पडेल की नाही आणि किती पडेल यावरचाही आहे. जुन्या मुंबईत पावसावर मोठा सट्टा चाले. तो या कायद्यात बसत नाही असे उच्च न्यायालयाने म्हटल्यावर 1890 मध्ये इंग्रज सरकारने कायदाच दुरुस्त करून घेतला. टेंभूचे पाणी येईपर्यंत आभाळाकडे डोळे लावून बसणाऱ्या कडेगाव तालुक्याला पावसावरचा सट्टा कसला, असे वाटेल. पण आजचा अंदाज-बाजार म्हणजे तोच प्रकार, फक्त खोली गेली आणि मोबाइल आला.

त्या दुरुस्तीला सव्वाशेहून अधिक वर्षे झाली. या काळात सट्टा मोबाइलवर आला, तरी त्यासाठी राज्याने वेगळा कायदा केला नाही. तेलंगणाने 2017 मध्येच ऑनलाइन जुगार बंद केला. त्यामुळे पैसे लावायची ॲप्स तिथे व्यवहार करू देत नसत. नांदेड जिल्ह्यातल्या धर्माबादेत चालणारे ॲप शेजारच्या बासरला गेले की बंद. महाराष्ट्रात मात्र कंपन्यांना जुन्या कायद्यातली एक ओळ पुरली : निव्वळ कौशल्याच्या खेळाला हा कायदा लागू नाही. 2019 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ड्रीम 11 च्या खेळाला कौशल्याचा खेळ मानले. त्या निकालाच्या सावलीत बाकीचेही उभे राहिले आणि ‘माहिती असणाऱ्याचाच अंदाज बरोबर येतो’ असे सांगू लागले. त्यातच 1 ऑक्टोबर 2023 पासून जमा रकमेवर 28 टक्के जीएसटी लागू झाला. सरकार कर घेते म्हणजे धंदा अधिकृतच असणार, असा समज पसरायला एवढे पुरेसे होते.

इथे बाबासाहेबांची आठवण काढावी लागते, कारण हा अधिकार राज्यांकडे आला तो त्यांच्या युक्तिवादानंतर. सप्टेंबर 1949 मध्ये संविधान सभेत राज्यसूचीतील ‘पैज व जुगार’ या नोंदीवर चर्चा झाली. शिब्बनलाल सक्सेना आणि लक्ष्मीनारायण साहू यांचे म्हणणे होते की अशी नोंद संविधानात असूच नये, ती देशाला शोभत नाही. बाबासाहेबांनी कायद्याच्या बाजूने उत्तर दिले. नोंद काढली म्हणून जुगार संपणार नाही. उलट त्याला आवर घालण्याचा अधिकारच प्रांतांच्या हातून जाईल आणि विषय केंद्राकडे सरकेल. ही नोंद परवानगी देण्यासाठी वापरता येते तशी बंदीसाठीही वापरता येते, असे त्यांनी समजावले. तीच आज राज्यसूचीतली 34 वी नोंद आहे. हत्यार हातात होते. महाराष्ट्राने ते ऑनलाइन सट्ट्यावर उचलले नाही. जुलै 2025 मध्ये तत्कालीन कृषिमंत्री माणिकराव कोकाटे विधिमंडळात मोबाइलवर रमी खेळत असल्याचा आरोप झाला, तो त्यांनी फेटाळला, आणि पुढे त्यांचे खाते बदलून त्यांना क्रीडा व युवक कल्याण खाते मिळाले. त्या आठवड्यांत चर्चा झाली ती त्या व्हिडिओची. 1887 च्या कायद्याकडे फारसे कोणी वळले नाही.

आता आपल्या पोरांचे. शिष्यवृत्तीचा किंवा स्वाधार योजनेचा हप्ता महिनोन् महिने रखडतो आणि मग एकदम खात्यात पडतो. खोलीचे भाडे, मेसची थकबाकी, उधारी, सगळे त्याच दिवशी समोर उभे असते. अशा वेळी ‘पाचशेचे हजार’ म्हणणारा मित्र भेटला की पुढे काय होते ते वेगळे सांगायला नको. सिगालोवाद सुत्तात जुगाराचे तोटे मोजले आहेत. त्यात पैसा जातो एवढेच नाही, जुगाऱ्याच्या शब्दाला सभेत किंमत राहत नाही, हेही आहे. चळवळीत काम करणाऱ्याला हा दुसरा तोटा जास्त महागात पडतो.

म्हणून नव्या कायद्यातल्या दोन बाजू नीट समजून घ्या. पहिली : खेळणाऱ्याला शिक्षा नाही. कायदा त्याच्याकडे बळी म्हणून पाहतो. त्यामुळे ज्याचे पैसे अडकले, ज्याची फसवणूक झाली, त्याने लपून बसू नये. 1930 या क्रमांकावर लगेच तक्रार करावी, व्यवहारांचे स्क्रीनशॉट जपून ठेवावेत.

दुसरी बाजू कडक आहे. असा खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड. जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि 50 लाखांपर्यंत दंड. पैशांचे व्यवहार करून देणाऱ्यालाही तीन वर्षांपर्यंत कैद. व्हॉट्सॲप स्टेटसवर रेफरल लिंक टाकणारा, टेलिग्राम ग्रुपवर ‘टिप’ देऊन पोरे जोडणारा स्वतःला खेळाडू समजतो. पण लिंक पसरवणे जाहिरातीत मोडू शकते. त्याहून धोक्याचे म्हणजे महिन्याला काही हजारांसाठी आपले बँक खाते आणि सिमकार्ड दुसऱ्याला वापरायला देणे. पैसे त्या खात्यातून फिरतात आणि पोलीस खातेदाराच्या दारात येतात. वस्तीत अशी मागणी घेऊन कोणी आले तर विहारातल्या बैठकीत नावासह सांगा.

परदेशी साइट्सचेही असेच. अमेरिकेत कल्शीला तिथल्या केंद्रीय नियामकाची मान्यता आहे, तरी नेवाडा आणि न्यू जर्सी या राज्यांनी मार्च 2025 मध्ये तिला व्यवहार थांबवण्याच्या नोटिसा दिल्या. पॉलिमार्केटला 2022 मध्ये तिथेच 14 लाख डॉलरचा दंड झाला. म्हणजे त्यांच्या घरातच भांडण चालू आहे. इथे बसून क्रिप्टोने पैसे भरणाऱ्याला त्या मान्यतेचा काहीही उपयोग नाही. भारतीय कायदा बाहेरून इथे खेळ देणाऱ्यालाही लागू आहे, पण बुडालेले पैसे परत आणायला कडेगावचे पोलीस ठाणे कुठे जाणार?

गेमिंग कंपन्यांनी केंद्राच्या या कायद्याला उच्च न्यायालयांत आव्हान दिले आणि सप्टेंबर 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती प्रकरणे स्वतःकडे घेतली. जुगार हा राज्यांचा विषय आहे, संसदेला इथे कायदा करताच येत नाही, हा त्यातला एक प्रमुख मुद्दा. बाबासाहेबांनी राज्यांसाठी राखलेली नोंद आज कंपन्यांचे वकील ढाल म्हणून वापरत आहेत. तो मुद्दा टिकला तर तेलंगणाकडे स्वतःचा कायदा असेल. महाराष्ट्राकडे 1887 चा, कापूस, अफू आणि पावसाचा. पलूस-कडेगावसह प्रत्येक मतदारसंघातल्या आमदाराला पुढच्या अधिवेशनाआधी निवेदन द्यायचे ते एवढ्यासाठीच : 34 व्या नोंदीखाली राज्याचा स्वतःचा ऑनलाइन जुगारबंदी कायदा कधी आणता, ते तारखेसह लेखी कळवा.