फळ्यापुढे कोण उभे आहे?

५ सप्टेंबर जवळ आला की आमच्या वऱ्हाडात शिक्षकांच्या गौरवाला भरते येते. शाल, श्रीफळ आणि 'गुरुजी हे समाजाचा कणा' या आशयाचे भाषण हा क्रम अमरावतीत काय नि अकोल्यात काय, सारखाच. या मंगल प्रसंगी एक प्रश्न विचारण्याचा अरसिकपणा आम्ही करू इच्छितो. ज्या जातींना शतकानुशतके अक्षराची बंदी होती, त्या जातींतून आलेला शिक्षक आमच्या शाळांत नेमका कोठे उभा आहे? फळ्यापुढे, की बिंदुनामावलीच्या एका रकान्यात?

हा प्रश्न साहित्याच्या चर्चेत कशाला, असे कोणी म्हणेल. आमचे म्हणणे असे की, मराठी वाचकाला तो पडू नये याची तजवीज आमच्या समीक्षेनेच केली आहे. दलित आत्मकथनांचे जे वाचन आमच्याकडे रूढ झाले, त्यात शाळा दिसते ती बाकावरून. खरे तर बाकाच्याही बाहेरून, दाराजवळच्या गोणपाटावरून. त्या चित्रात एखादे सहृदय सवर्ण गुरुजी भेटले की मध्यमवर्गीय वाचकाचा जीव भांड्यात पडतो. 'आपल्यातही चांगली माणसे होतीच की!' पण तोच गोणपाटावरचा मुलगा पुढे डी.एड. होऊन खडू हाती घेतो, तेव्हा त्याचे काय होते? इथे आमची उत्सुकता संपते. दलित माणूस शिकताना आम्हांला भावतो. शिकवताना तो अडचणीचा वाटू लागतो.

ती अडचण मांडणारी पुस्तके मराठीत नाहीत असे नाही. माधव कोंडविलकर यांचे 'मुक्काम पोस्ट देवाचे गोठणे' (१९७९) ही आपल्याच गावात शिक्षक झालेल्या चर्मकार तरुणाची दैनंदिनी आहे. कुमुद पावडे यांच्या 'अंतःस्फोट'मध्ये (१९८१) संस्कृतची पदवी घेतलेली नागपूरची दलित स्त्री अध्यापकाच्या नोकरीसाठी दारोदार फिरते, आणि आंतरजातीय विवाहाने आडनाव बदलल्यावरच तिला ती नोकरी मिळते. विद्वत्ता तीच, माणूस तेच. बदलले ते आडनाव. ही दोन्ही पुस्तके आम्ही 'वेदनेचे दस्तऐवज' म्हणून कपाटात ठेवली. अध्यापनाच्या व्यवसायावरचे आरोपपत्र म्हणून ती वाचायला हवी होती.

आणि हे आरोपपत्र जुने आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१८ साली मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले, तेव्हा प्राध्यापकांसाठी ठेवलेल्या माठातले पाणी त्यांनी पिण्यास काही सहकाऱ्यांनी हरकत घेतली होती. हरकत घेणारे निरक्षर नव्हते. विद्वत्तेने जात वितळते या समजाला त्या माठानेच तडा दिला आहे.

वऱ्हाडाला या बाबतीत अनभिज्ञतेचा आव आणता येणार नाही. १३ नोव्हेंबर १९२७ रोजी अमरावतीत बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली अस्पृश्यांची परिषद भरली. अंबादेवीच्या मंदिरप्रवेशाचा प्रश्न याच शहरात पेटला. त्या लढ्याला पाठिंबा देणाऱ्या पंजाबराव देशमुखांनी पुढे १९३२ मध्ये श्री शिवाजी शिक्षण संस्था उभारली आणि शेतकऱ्यांच्या पोरांना शाळा-कॉलेजाची दारे उघडी झाली. हा वारसा मोठा आहे, आणि आम्हीही त्याचेच लाभार्थी आहोत. म्हणूनच विचारतो: २०११ च्या जनगणनेनुसार राज्यात अनुसूचित जातींचे प्रमाण सुमारे १२ टक्के असताना अमरावती जिल्ह्यात ते साडेसतराच्या आणि अकोल्यात २० टक्क्यांच्या आसपास आहे. ज्या मुलखात दर पाचवा-सहावा माणूस या समाजातला, तिथे आपल्या शालेय आयुष्यात आपणांस किती दलित शिक्षकांनी गणित शिकवले, किती संस्कृतला होते, मुख्याध्यापकांच्या खुर्चीत किती होते, हे वाचकांनी बोटांवर मोजून पाहावे. आम्ही मोजले. एका हाताची बोटेही पुरून उरली.

शिक्षकांच्या खोलीतला आमचा अनुभव याहून निराळा नाही. नव्या माणसाला पहिल्या दिवशी 'आपण मूळचे कुठले?' असे विचारतात. गावाचे नाव सांगून भागत नाही. आडनावाचा उलगडा होईपर्यंत चौकशी चालते. मग कामे आपोआप वाटली जातात. १४ एप्रिल आणि ६ डिसेंबरचे भाषण त्यांचे, शिष्यवृत्तीचे अर्ज त्यांचे, वस्तीतल्या गळालेल्या मुलांना परत आणण्याची जबाबदारी त्यांची. कामे थोर आहेत यात शंका नाही. पण ती सर्वांची असायला हवीत. दहावीचा वर्ग, वेळापत्रक आणि परीक्षेची सूत्रे मात्र दुसरीकडेच राहतात.

खेड्यात तर तऱ्हा आणखी न्यारी. 'मास्तर मुख्यालयी राहत नाही, नुसते अपडाऊन करतो' ही वऱ्हाडातल्या ग्रामसभांची नेहमीची तक्रार. ती पुष्कळदा रास्तही असते. पण बौद्ध शिक्षकाला वस्तीबाहेर भाड्याची खोली सहजी मिळते का, हे त्या ग्रामसभेत कोणी विचारत नाही. खोली नाकारायची, आणि वर गावात राहत नाही म्हणून अर्ज करायचा!

यावर 'गुणवत्ता' नावाचे ठेवणीतले अस्त्र निघते. आम्ही स्पष्ट सांगतो: दलित आहे एवढ्यावरून कोणी चांगला शिक्षक ठरत नाही. पण वर्गात कोण शिकवतो याचा मुलांवर परिणाम होतो, हे आता मोजले गेले आहे. अमेरिकेतल्या टेनेसी राज्यातल्या नोंदींवरून संशोधकांनी दाखवले की, तिसरीपर्यंत ज्या कृष्णवर्णीय मुलांना एक तरी कृष्णवर्णीय शिक्षक लाभला, त्यांचे पुढे कॉलेजात जाण्याचे प्रमाण १३ टक्क्यांनी अधिक होते. एक तरी! आणि आमच्या मते याहून मोठा लाभ दुसऱ्या मुलांचा आहे. दलित माणसाकडून बीजगणित शिकलेल्या सवर्ण मुलाच्या मनात ज्ञान आणि जात यांची जुनी गाठ सैल होते. ते काम समतेवरच्या शंभर निबंधांनी होणार नाही.

त्याच देशाचा दुसरा धडाही ध्यानात ठेवावा. १९५४ च्या 'ब्राऊन' निकालाने शाळांतला वर्णभेद बेकायदा ठरला. मुले एका शाळेत यावीत असे ठरले. पण एकत्रीकरणात कृष्णवर्णीयांच्या शाळा बंद झाल्या आणि पुढच्या दशकभरात तिथल्या सुमारे ३८ हजार शिक्षक-मुख्याध्यापकांच्या नोकऱ्या गेल्या. विद्यार्थी स्वीकारले, गुरू नाकारले.

हे दूरचे वाटते काय? आमच्याकडे दलित शिक्षकाला दार उघडले ते मुख्यतः जिल्हा परिषदेच्या शाळेने, कारण तिथे निवड सरकारी यादीने होते. खाजगी अनुदानित शाळांनाही १९८१ च्या सेवाशर्ती नियमावलीने आरक्षण बंधनकारक आहे. पण संस्थाचालकांपुढच्या मुलाखतीत कोणता उमेदवार 'आपला' ठरतो, हे वऱ्हाडात कोणाला समजावून सांगायला नको. आता कमी पटाच्या सरकारी शाळा एकत्र करून समूहशाळा काढण्याचा विचार २०२३ पासून पुढे आला आहे. शाळा मिटली की पोरांची वाट लांबते, हे सारे बोलतात. दलित शिक्षकाचे सर्वांत रुंद दार त्याच वेळी अरुंद होते, हे कोणी बोलत नाही.

आमची मागणी साधी आहे. प्रत्येक शिक्षकाचा सामाजिक प्रवर्ग सरकारच्या युडायस नोंदीत दरवर्षी भरला जातोच. त्यावरून संस्थानिहाय तक्ता काढावा: किती शिक्षक, कोणत्या विषयाला, किती मुख्याध्यापक, किती राखीव जागा किती वर्षे रिकाम्या. नावे नकोत, आकडे पुरेत. तो तक्ता प्रत्येक शाळेच्या दर्शनी भागी, सावित्रीबाईंच्या तसबिरीखाली लावावा. तसबिरीला हार घालायला येणाऱ्याची नजर मग आपोआप खाली जाईल.

ज्यांना हा तक्ता लावण्याची लाज वाटेल, त्यांनी ५ सप्टेंबरची शालही गुंडाळून ठेवावी.