शवविच्छेदनाच्या टेबलावरून संसदेत

१९३३ साली वैद्यकीची पदवी मिळाली, तरी साल्वादोर आयेंदे यांना चिलीच्या वाल्पाराइसो बंदरात धड नोकरी मिळेना. विद्यार्थी चळवळीत डाव्यांचे पुढारपण केलेला डॉक्टर रुग्णालयांना नको होता. शेवटी पदरात पडले ते शवविच्छेदनाचे काम. आपण दीड हजार प्रेते तपासली, असे ते पुढे सांगत.

याच शहराने १९३७ मध्ये त्यांना संसदेत पाठवले. दोनच वर्षांत, वयाच्या एकतिसाव्या वर्षी, ते आरोग्यमंत्री झाले. चिलीच्या आरोग्यस्थितीवर त्यांनी १९३९ मध्ये लिहिलेले पुस्तक आजही वाचावे असे आहे. क्षय, बालमृत्यू, बाळंतपणातले मृत्यू यांचा हिशेब त्यात आहेच. पण त्याआधी आहे मजुराची मजुरी, त्या मजुरीत घरात काय शिजते, आणि एका खोलीत किती माणसे झोपतात. कंपनीच्या नावाने विकले जाणारे औषध आणि तेच बिननावाचे स्वस्त औषध यांच्या किमतीही त्यांनी शेजारी शेजारी मांडल्या. आजारावरचा उपाय म्हणून त्यांनी आधी मागितली ती मजुरीतली वाढ आणि राहायला बरे घर.

डॉक्टरने राजकारणात यावे ते यासाठी. नावाआधी ‘डॉ.’ लावून मते मागणारे आपल्याकडेही पुष्कळ आहेत. त्यांनी दवाखान्यात पाहिलेले सभागृहात किती मांडले, हे मतदाराने विचारायलाच हवे.

आयेंदे यांनी ते पंचवीस वर्षे सिनेटमध्ये मांडले. १९५२ मध्ये राष्ट्रीय आरोग्यसेवा उभी राहिली, त्यामागे त्यांचा पाठपुरावा होता. राष्ट्राध्यक्षपदाच्या तीन निवडणुका हरून चौथ्या खेपेला, १९७० मध्ये, ते जिंकले. मते जेमतेम ३६ टक्के. प्रत्येक मुलाला रोज अर्धा लिटर दूध, हे त्यांचे वचन होते आणि सरकारने ते वाटायला सुरुवातही केली.

महागाई मात्र त्यांच्या सरकारला आवरली नाही, आणि तिची झळ गरिबालाच बसली. हे अपयश झाकता येणार नाही. पण मन विषण्ण होते ते दुसऱ्याच गोष्टीने. ज्या वैद्यकीय संघटनेचे ते एके काळी अध्यक्ष होते, तीच ऑक्टोबर १९७२ मध्ये मालमोटार मालकांच्या बंदमागोमाग संपात उतरली. तेव्हाही काही डॉक्टर संप झुगारून रुग्णालयांत आणि वस्त्यांतल्या दवाखान्यांत काम करत राहिले. ११ सप्टेंबर १९७३ च्या लष्करी उठावानंतर अशा कित्येक डॉक्टरांना तुरुंगात टाकले गेले.