इंग्रजीच्या तासाला काय शिकवावे?

मुलाने कोणत्या माध्यमातून शिकावे, या प्रश्नावर महाराष्ट्राबाहेरील मराठी घरांत पुष्कळ खल होत आला आहे. तो व्हावयासही हवा. परंतु माध्यम कोणतेही असले तरी इंग्रजीच्या तासाला नेमके काय शिकवले जाते, याची चौकशी करणारे पालक आम्हांस फार थोडे आढळले. मूल इंग्रजी कविता हातवारे करून म्हणू लागले की आपले समाधान होते.

या प्रश्नासाठी आदिलाबाद जिल्ह्याकडे पाहणे उपयोगाचे आहे. १९५६ च्या भाषावार पुनर्रचनेत जुन्या आदिलाबाद जिल्ह्यातील किनवट व राजुरा हे तालुके मुंबई राज्यात गेले. पैनगंगेच्या दक्षिणेकडील बेला, जैनथ, तांसी या बाजूची मराठी वस्ती आंध्र प्रदेशात राहिली व २०१४ पासून ती तेलंगणात आहे. येथे मराठी माध्यमाच्या सरकारी शाळा आहेत. घरात मराठी, बाजारात तेलुगू, बसमध्ये दक्खनी वळणाची हिंदी आणि शेजारच्या पाड्यावर गोंडी, इतक्या भाषा येथील मुलाच्या कानावरून जात असतात. राज्याच्या २०१८ च्या कायद्याने सर्व शाळांत तेलुगू शिकवणे सक्तीचे झाले हे खरे, पण बोलण्यापुरती तेलुगू त्याआधीही मुले शाळेबाहेरच शिकत होती.

इंग्रजीचे तसे नाही. आदिलाबादच्या बाजारात इंग्रजी बोलणारा मनुष्य सहसा भेटत नाही; इंग्रजी तेथे भेटते ती कागदावर. रक्त तपासल्याचा अहवाल, बँकेच्या कर्जाचा करारनामा, जमिनीच्या तंट्यात उच्च न्यायालयाने दिलेला निकाल, हे सारे इंग्रजीत असते. आमचे म्हणणे यातूनच निघते. जे बाजार शिकवू शकत नाही ते शाळेने आधी शिकवावे. पूर्वी न पाहिलेला साध्या इंग्रजीतील मजकूर वाचून त्याचा अर्थ आपल्या भाषेत नेमकेपणाने सांगता येणे, हे इंग्रजीच्या तासाचे पहिले काम होय.

उदाहरण कापसाचेच घेऊ. भारतीय कापूस निगमाच्या खरेदी केंद्रावर ८ टक्क्यांपर्यंत ओलावा असलेल्या कापसास पूर्ण हमीभाव मिळतो, ८ ते १२ टक्क्यांपर्यंत त्या प्रमाणात कपात होते आणि १२ च्या वर ओलावा असल्यास कापूस घेतला जात नाही. ही अट इंग्रजीत तीन-चार ओळींत मावते. तीत अवघड शब्द जवळजवळ नाहीतच. सारा अर्थ ‘अप टू’, ‘अबव्ह’, ‘नॉट एक्सीडिंग’, ‘सब्जेक्ट टू’ अशा किरकोळ दिसणाऱ्या शब्दांवर तोललेला असतो आणि गाडीभर कापसाची किंमतही त्यांवरच ठरते. आठवीतल्या मुलीला ही अट वाचून वडिलांना मराठीत समजावता आली, तर तिला इंग्रजी येऊ लागली असे आम्ही म्हणू. मार्गदर्शकातला ‘माझा आवडता नेता’ हा निबंध तिला तोंडपाठ आहे की नाही, याने काही बिघडत नाही.

लेखनाचेही तेच. ताप आल्याच्या रजेचा अर्ज प्रत्येक मुलास पाठ असतो. पण विजेचे बिल चुकीचे आले तर पाच सरळ वाक्यांत तक्रार लिही म्हटले की लेखणी अडते. कारण तापाचा अर्ज त्याने लिहिलेला नसतो, उतरवलेला असतो.

यावर कोणी म्हणेल की, हैदराबादला नोकरीच्या मुलाखतीत बोलावे लागते, त्याचे काय? बोलणे हवेच. परंतु ज्या मुलास वाचलेले समजत नाही, त्याचे बोलणे पाठ केलेल्या वाक्यांपलीकडे जात नाही, आणि मुलाखत घेणाऱ्यास ते दुसऱ्याच प्रश्नाला कळते. १९७९ ते १९८४ या काळात एन. एस. प्रभू यांनी दक्षिणेतील काही शाळांत जो प्रयोग केला, तो बंगलोर प्रकल्प म्हणून ओळखला जातो. त्यात व्याकरणाचे नियम घोकवण्याऐवजी मुलांना आगगाडीचे वेळापत्रक, नकाशा अशांवरची कोडी इंग्रजीतून सोडवावयास दिली जात. लक्ष अर्थाकडे लागले की भाषा मागोमाग येते, अशी त्यामागची धारणा होती. वेळापत्रक तर आदिलाबादच्या स्थानकावरही लावलेले असते.

मात्र व्याकरण अजिबात नको, असे आम्ही म्हणणार नाही. मराठी, तेलुगू, हिंदी आणि गोंडी या चारही भाषांत क्रियापद वाक्याच्या शेवटी बसते. इंग्रजीत ते मध्येच येते. आपण ‘घरात’ म्हणतो, इंग्रज ‘इन’ आधी म्हणतो आणि घर नंतर. ‘अ’ आणि ‘द’ यांना तर आपल्याकडे जोडच नाही. आमची मुले अडखळतात ती बहुधा याच जागी, तेव्हा शिक्षकाने तेथे मराठीचा हात धरून थांबावे. उलट गंमत अशी की, ‘आपण’ आणि ‘आम्ही’ हा भेद तेलुगूतही ‘मनमु’ आणि ‘मेमु’ असा आहे, पण इंग्रजीच्या ‘वी’मध्ये ऐकणारा धरला की वगळला, हे संदर्भावरूनच ताडावे लागते. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेस हल्ली जुनाट म्हणून नाके मुरडतात. तथापि दोन भाषा समोरासमोर ठेवण्याची तिची रीत टाकाऊ नव्हती. हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो’ ही कादंबरी तेलुगूत नेणारे पी. व्ही. नरसिंह राव याच तेलंगणाचे.

भाषा शिकणे आणि त्या भाषेतून सर्व विषय शिकणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे या मुलखाला नवे नाही. १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाने विज्ञानापर्यंतचे सारे विषय उर्दूतून शिकवले व इंग्रजी हा विषय सक्तीचा ठेवला. ती उर्दूही आमच्या वाडवडिलांची मातृभाषा नव्हती, ही गोष्ट निराळी. १९४३ मध्ये तेव्हाच्या आदिलाबाद जिल्ह्यातील मारलवाई येथे हायमेनडॉर्फ यांच्या पुढाकाराने गोंड शिक्षकांचे केंद्र निघाले, तेव्हा मुलांच्या हाती पहिली पुस्तके गोंडी भाषेतील, देवनागरी लिपीत छापलेली अशी देण्यात आली.

२०२२-२३ या शैक्षणिक वर्षापासून तेलंगणाच्या सरकारी शाळांत पहिली ते आठवीच्या वर्गांना इंग्रजी माध्यम लागू झाले. त्यासाठी एका पानावर इंग्रजी आणि समोर तेलुगू अशी पुस्तके निघाली. कल्पना आम्हांस पसंत आहे. तेलुगू घरातील मूल अडले की शेजारच्या पानावर पाहू शकते. आमचे मूल अशा शाळेत गेले, तर त्याचे मराठी पान पुस्तकात असणार नाही. ते घरी, आठवड्यातून एखादी संध्याकाळ काढून, बँकेतून वा दवाखान्यातून आलेला कागद मुलासमोर ठेवून तयार करावे लागेल. आईला इंग्रजी येत नसेल तरी बिघडत नाही. “यात काय लिहिले आहे, मला नीट सांग,” एवढे तिने म्हणावे, आणि सांगितलेले पटेपर्यंत प्रश्न विचारावेत.