खिरापत कोण ओळखणार?

बालगीतांच्या चित्रफितींनी मराठी तगवली, असे हल्ली कौतुकाने म्हटले जाते. आम्हांला ते मान्य नाही. १९५३च्या 'देवबाप्पा'तला गदिमा-पुलंचा मोर आशाबाईंच्या आवाजात रेडिओवरून घरोघरी गेला, तेव्हा त्याचा पिसारा ज्याने त्याने मनातच रंगवला. सीडीवरच्या कार्टूनने तो एकदाचा ठरवून टाकला. मुंबई दूरदर्शनच्या 'किलबिल'मध्ये निदान हाडामांसाची मुले तरी होती!

आणि या मराठीत आमचा महाल कुठे आहे? भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत इथल्या वाड्यांतून मुली भुलाबाईची गाणी म्हणत फिरत. ओळ विसरली की शेजारची थोरली सावरून घेई. पडद्याखाली धावणारी अक्षरे नव्हेत. शेवटी डबा कानाशी हलवून खिरापत ओळखायची. त्या गाण्यांत सासर होते, रुसवा होता, वऱ्हाडी-नागपुरी बोली होती. चित्रफितींतली धुतलेली प्रमाण मराठी कानांवर बसली आणि आजीची गाणी पोरांना गावंढळ वाटू लागली.

दोष एकट्या कंपन्यांचा नाही. घास भरवायला सोपे, म्हणून त्या सीडी आम्हीच आणल्या. गेल्या कोजागिरीला घरातल्या मुलीपुढे डबा ठेवला. तिने तो हलवला नाही; सरळ झाकण उघडले.