एका चुकीच्या पत्त्यापायी सारे टपाल अडवू नका



गेल्या वार्षिक सर्वसाधारण सभेची सूचना कार्यालयाने टपालाबरोबर ई-मेलनेही धाडली. पण ई-मेल कुणालाच पोहोचला नाही. चौकशी केली तर उत्तर आले, "सर्व्हर बिघडलाय." आम्ही खोलात शिरलो. सर्व्हर ठणठणीत होता! यादीतले काही पत्ते चुकीचे होते आणि त्यातला पहिलाच नाकारला जाताच आपल्या संगणकातल्या प्रोग्रॅमने सगळी सूचनाच थांबवली होती.

ई-मेलचा नियम असा नाही. १९८२ साली लिहिल्या गेलेल्या एस.एम.टी.पी. पद्धतीत पत्र घेणारा सर्व्हर प्रत्येक पत्त्याला वेगळे उत्तर देतो. २५० म्हणजे पत्ता मान्य, ५५० म्हणजे बहुधा तशी पेटीच नाही. मान्य झालेल्यांना पत्र द्यायला कसलीच आडकाठी नाही. एका गाडीची चिठ्ठी चुकली म्हणून वजनकाट्यावरची सारी रांग आपण माघारी लावतो का?

उत्तराचा पहिला आकडाही पाहावा. ४ असेल तर अडचण तात्पुरती. सर्व्हर थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न करतो. ५ असेल तर तेच दार ठोठावून उपयोग नाही. उलट खोट्या पत्त्यांवर वारंवार टपाल धाडणाऱ्याकडे मोठ्या सेवा संशयाने पाहतात, आणि मग त्याचे खरे टपालही स्पॅममध्ये जाते. काही सर्व्हर तर आधी पत्र घेतात आणि मागाहून परत करतात. हे परतीचे टपाल आपल्या कार्यालयात कुणी उघडतच नव्हते. आता बोला!

यावर सोपा उपाय सुचवला जातोय, की चुकीचे पत्ते यादीतून उडवा आणि मोकळे व्हा. याला आमचा विरोध आहे. पत्ता चुकला म्हणून सभासद खोटा ठरत नाही. सूचना मिळणे हा भागधारकाचा हक्क आहे, कार्यालयाची मेहेरबानी नव्हे.

म्हणून आमचे म्हणणे असे : प्रत्येक सभासदाला वेगळा ई-मेल जावा, त्याने एकाची चूक दुसऱ्याला नडणार नाही आणि एकाचा पत्ता दुसऱ्याला दिसणार नाही. नाकारलेल्या पत्त्यांची यादी दर वेळी गट ऑफिसला जावी. पत्ता दुरुस्त होईपर्यंत त्या घरी कागदी सूचना न चुकता पोहोचावी.

थोडा दोष आपलाही आहे. घाईघाईत पुतण्याचा पत्ता सांगायचा, स्पेलिंगात एक अक्षर गाळायचे, झाले! ते अक्षर चुकून दुसऱ्याच कुणाचा पत्ता बनला, तर आपल्या उसाचे बिल परक्याच्या हाती पडते. आणि ते परतही येत नाही.

उसाची नोंद देताना आपण गट नंबर दोनदा वाचून घेतो. ई-मेलचा पत्ताही तसाच दोनदा वाचून घ्या. कार्यालयानेही परत आलेले प्रत्येक टपाल उघडावे. त्यामागे आपलाच एक सभासद सभेला मुकलेला असतो.